कबरीचा दगड म्हणजे रेशनकार्ड नव्हे

गेले तीन आठवडे आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विषय चालू आहे आणि मी गप्प बसलोय. तिथे काही लिहिलं की अश्दोदहून दहा अंगठे येतात, बेर्शेबाहून पाच जोडलेले हात येतात आणि मुद्दा होता तिथेच राहतो. म्हणून म्हटलं, इथे नीट लिहून काढावं. नेहमीच्या वाचकांनी सांभाळून घ्या, आज घरचं भांडण चव्हाट्यावर आणतोय. पण हे भांडण फक्त आमच्या घरचं नाही. ज्याला ज्याला आपली वंशावळ काढायचा छंद लागलाय (आणि निवृत्तीनंतर तो बऱ्याच जणांना लागतो, मलाही लागलाय), त्या प्रत्येकाचं आहे.

विषय असा. अलिबाग तालुक्यात आमचं गाव. तिथे बेने इस्राएलांचं जुनं कबरस्तान आहे. पन्नासेक दगड उभे-आडवे, काही नुसतेच जांभ्याचे चिरे, काहींवर मराठी, काहींवर इब्री, थोड्यांवर इंग्रजी. पावसाळ्यात कमरेएवढं गवत. गावात आता आमचं एकही घर नाही. सगळे मुंबई-ठाण्याला आले आणि १९४८ नंतर हळूहळू निम्म्याहून जास्त इस्राएलला गेले. त्यांची मुलं-नातवंडं दर दोन-तीन वर्षांनी येतात, मांडव्याला लाँचमधून उतरतात, गवतात वाकून फोटो काढतात आणि हळहळतात.

त्या हळहळीतून आता एक योजना निघाली आहे. जुने दगड उपटायचे, जमीन सपाट करायची, फरशी घालायची आणि एका ओट्यावर काळ्या ग्रॅनाइटच्या नव्या पाट्या लावायच्या. ‘एका घराण्याची एक रांग.’ नवऱ्याशेजारी बायको, त्यांच्या खाली मुलं, डोक्यावर फांद्या फुटलेलं वंशवृक्षाचं चित्र. जुन्या दगडांपैकी चांगले असतील ते कुंपणाला टेकवून ‘प्रदर्शन’ म्हणून ठेवायचे. अलिबागच्या एका कंत्राटदाराने दर दिला आहे, वर्गणी जमू लागली आहे, पुढच्या डिसेंबरात सगळ्यांनी यायचं ठरलं आहे.

माझा या योजनेला विरोध आहे. थोडाथोडका नाही, संपूर्ण. आणि तो का, हे सांगायला मला आधी माझीच फजिती सांगावी लागणार आहे.

*

ज्यांना आमच्याबद्दल फारशी माहिती नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आम्ही कोकणातले ज्यू. आमची परंपरा सांगते की फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, बाकीच्यांची प्रेतं तिथेच पुरली. त्या जागेला आम्ही अजून मानतो. पुढे तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक ‘शनवार तेली’ म्हणू लागले. आडनावं गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमचे केहीमकर. घरची भाषा मराठी, प्रार्थनेची इब्री.

ब्राह्मणांच्या घरी कुलवृत्तांत असतो. नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात, त्यांत सात-आठ पिढ्या सापडतात. आमच्याकडे असलं काही नाही. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८९७ साली समाजाचा इतिहास लिहून काढला (छापला गेला चाळीस वर्षांनी, १९३७ साली, तेल अवीवला!), पण तो समाजाचा झाला, घराघराचा नव्हे. आमची वही म्हणजे हे दगड. म्हणून तर वंशावळवाले कबरस्तानात गर्दी करतात. त्यात मला काही गैर वाटत नाही. गैर हे, की दगड कुठल्या रिवाजाने बसला ते न विचारता आपण तो रेशनकार्डासारखा वाचतो. एकाखाली एक नावं आहेत, म्हणजे एकाच घरातली माणसं. शेजारी शेजारी आहेत, म्हणजे नवरा-बायको. दगड नाही, म्हणजे माणूसच नव्हता.

ही तिन्ही अनुमानं चुकीची आहेत. मी तिन्ही केलेली आहेत.

*

फजिती अशी. आठ-नऊ वर्षांपूर्वी मी वही-पेन्सिल घेऊन गेलो आणि ओळीवार दगड उतरवून घेतले. तिसऱ्या ओळीतला चौथा दगड आमच्या पणजोबांच्या थोरल्या भावाचा. पाचवा एका बाईचा. दोघांवर इब्री महिना एकच, शेवात. साल तेच. तारखांत बारा दिवसांचं अंतर. झालं! मी लिहून टाकलं, ‘पती-पत्नी, एकाच पंधरवड्यात निवर्तले.’ एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. पण पुढच्या शब्बाथच्या जेवणाला ताटावर बसून मी ती गोष्ट रंगवून सांगितली, की बघा, बायको गेली आणि बाराव्या दिवशी हाही गेला, तिच्यावाचून राहू शकला नाही. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. अश्दोदच्या चुलतभावाने ते जोडपं आपल्या इंटरनेटवरच्या वंशवृक्षात चढवलं. तिथून ते आणखी चार वृक्षांत गेलं. आज ती प्रेमकथा जगभर आहे आणि तिचा लेखक मी आहे.

मोठी आत्या तेव्हा काहीच बोलली नाही. नंतर एकदा मी एकटा सापडल्यावर म्हणाली, “तुला ती त्याची बायको आहे हे कोणी सांगितलं?”

म्हटलं, “शेजारी आहे ना.”

“अरे, आपल्याकडे शेजारची जागा राखून कोण ठेवतं? ज्याची पाळी आली त्याला पुढची जागा. आज हा गेला, उद्या ती गेली, म्हणून शेजारी. त्यात लग्नाचा काय संबंध?”

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. बऱ्याच ज्यू कबरस्तानांत जागा मरणाच्या क्रमाने भरत जातात. श्रीमंत शहरांत लोक जोडीच्या जागा विकत घेतात, पण कोकणातल्या खेड्यात ती चैन नव्हती. म्हणजे आमच्या कबरस्तानातली ओळ हे कुटुंब नाही, ते हजेरीबुक आहे. कोण कोणाचा कोण हे ती सांगत नाही, कोण कोणानंतर गेलं ते सांगते. आणि एकदा हे कळलं की ओळ एकदम बोलू लागते.

कारण मग मी परत गेलो. या वेळी बाटलीभर पाणी, मऊ ब्रश आणि सकाळची तिरपी उन्हं घेऊन गेलो. मी साल वाचलं होतं ६५६, म्हणजे ५६५६. (इब्री सालात हजारांचा आकडा बहुधा लिहीत नाहीत. उरलेल्या आकड्यात १२४० मिळवले की इसवी सन येतो, मात्र आमच्या नव्याच्या सणापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांना एक कमी.) आकडे अक्षरांनी लिहितात. शेवटचं अक्षर मी वाव धरलं होतं, वाव म्हणजे सहा. तिरप्या उन्हात दिसलं की त्या काडीला वर एक छोटंसं डोकं आहे. म्हणजे वाव नव्हे, झायिन. झायिन म्हणजे सात. ५६५७ सालचा शेवात, म्हणजे जानेवारी १८९७.

जानेवारी १८९७ म्हणजे काय ते मुंबईकराला सांगायला नको. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांना प्लेगचे रोगी सापडले आणि हिवाळ्यात निम्मी मुंबई गाव सोडून पळाली. आमची वस्ती कुठे होती? मांडवीला खेटून, सॅम्युएल स्ट्रीटच्या आसपास. (त्याच महिन्यात, १० जानेवारीला, हाफकिन या आमच्याच धर्माच्या पण ओडेसाहून आलेल्या माणसाने मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. असो, तो वेगळा विषय.) तिसऱ्या ओळीत त्या शेवातातले आणि पुढच्या अदारातले मिळून सात दगड सलग आहेत. एरवी वर्षाला एक-दोन. आत्याला तिच्या आजीने सांगितलेलं आठवत होतं, की प्लेगात मुंबईहून आलेली माणसं घाण्याच्या पडवीत राहिली होती, त्यांतली काही आमची होती, काही नव्हती.

त्या बाईच्या दगडाचा पाया मातीत रुतला होता. चार बोटं माती बाजूला केल्यावर खाली मराठीत एक ओळ निघाली: ‘अमुक तमुक यांची पत्नी’. ते नाव आमच्या थोरल्या आजोबांचं नाही. आडनावही आमचं नाही, तीन मैलांवरच्या दुसऱ्या गावाचं आहे. तिचा नवरा त्या कबरस्तानात कुठेच नाही. तो मुंबईतच गेला असेल, किंवा जगला असेल, पुन्हा लग्न केलं असेल. तिची नातवंडं-पतवंडं आज कुठेतरी असतील आणि ‘पणजीची कबर मुंबईत सापडत नाही’ म्हणत असतील. सापडणार कशी? ती आमच्या वंशवृक्षात आमची सून होऊन बसली आहे. माझ्यामुळे.

आता योजनेत काय होणार ते बघा. ग्रॅनाइटच्या पाटीवर थोरल्या आजोबांच्या शेजारी हिचं नाव कोरलं जाणार, ‘पत्नी’ म्हणून. ग्रुपवरच्या यादीत तसं आहे, मी दोनदा सांगूनही आहे. सात दगडांची ओळ मोडून माणसं आपापल्या ‘घराण्यात’ वाटली जाणार. प्लेगचा एकमेव पुरावा गेला. आणि कुंपणाला टेकवलेल्या तिच्या दगडाची शेवटची ओळ वाचायला पुढे कोणी वाकणार नाही, कारण ग्रॅनाइटवर सगळं स्वच्छ लिहिलेलं असेल.

*

दुसरी गोष्ट न बसलेल्या दगडांची.

यहुदी धर्मशास्त्रात जन्मल्यापासून तीस दिवस पूर्ण न करता गेलेल्या बाळाचं सुतक पाळायचं नाही, असा नियम आहे. त्याच्यासाठी बसायचं नाही, कद्दीश म्हणायचा नाही. नियम निष्ठुर वाटतो, पण ज्या काळात घरटी दोन-तीन बाळं जात त्या काळात आईबापांवर दया म्हणून केला असावा, असं आमचे एक हज्जान सांगत. (आजकाल बरेच रब्बी अशा आईबापांना शोक करू देतात, ते चांगलंच आहे.) या नियमाचा एक परिणाम असा, की अशा बाळांच्या कबरीवर बहुधा नाव नसतं. आमच्या कबरस्तानात ईशान्येच्या कोपऱ्यात हातभर लांबीचे उंचवटे आहेत, प्रत्येकाच्या डोक्याशी जांभ्याचा एक ओबडधोबड तुकडा. मी पहिल्या खेपेला ते मोजलेसुद्धा नाहीत. मला वाटलं पडक्या भिंतीचे दगड आहेत.

माझ्या आजीचा पहिला मुलगा बारा दिवस जगला. तो त्या कोपऱ्यात आहे. त्याला नाव ठेवलं होतं की नाही तेही तिने कधी सांगितलं नाही. पण गावी गेली की ती आधी त्या कोपऱ्यात जायची, एका ठराविक तुकड्यावर खडा ठेवायची आणि मग बाकीच्यांकडे वळायची. आम्हा मुलांना वाटायचं ती थकली म्हणून तिकडे सावलीत बसते.

योजनेच्या नकाशात त्या कोपऱ्यात ‘बसण्यासाठी बाके’ असं लिहिलं आहे.

मी रागावून लिहितोय असं वाटत असेल तर ते खरं आहे. यात कोणाचा दुष्टपणा नाही हे मला माहीत आहे. नकाशा ज्याने केला त्याला तिथे काही आहे हे ठाऊकच नाही. तोच तर माझा मुद्दा आहे. ज्याला दगड फक्त नाव शोधण्यापुरता हवा असतो, त्याला नाव नसलेला दगड दिसतच नाही.

*

तिसरी, न सापडणाऱ्या माणसांची. मुंबईतलं आमचं पहिलं प्रार्थनालय १७९६ सालचं. ते बांधलं सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी. आता कोणी मुंबईतल्या कबरस्तानांत त्यांचा दगड शोधू लागला तर जन्मभर शोधत बसेल, कारण ते तोरात आणायला कोचीनला गेले आणि तिथेच वारले. शिवाय मराठीत त्यांचं नाव समाजी हसाजी. सॅम्युएलचं समाजी, इझिकिएलचं हसाजी. ही जोडी ज्याला माहीत नाही तो एका माणसाची दोन माणसं करून वृक्षाला दोन फांद्या फोडणार. आमच्या ग्रुपवरच्या यादीत अशा किमान तीन फांद्या आहेत.

आणि कोण कुठे पुरला गेला यात रक्ताइतकाच समाजाचा मानपानही असतो. १८३६ साली मुंबईतल्या बगदादी ज्यूंच्या काही पुढाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला होता, की सामायिक कबरस्तानात आमच्या आणि बेने इस्राएलांच्या मध्ये भिंत घालून द्या. पुढे १८७८ मध्ये एलियास डेव्हिड ससून यांनी मुलाच्या स्मरणार्थ चिंचपोकळीला बगदाद्यांसाठी वेगळी जागाच दिली. दगड कुठे आहे हे वाचताना असल्या भिंतीही वाचाव्या लागतात. नाहीतर ‘दोघं एकाच धर्माचे, मग एकाच कबरस्तानात का नाहीत’ या प्रश्नाला भलतंच उत्तर निघतं.

*

हे फक्त आमच्यातच आहे असं समजू नका. माझा एक मित्र वसईचा, ख्रिस्ती. पणजोबांची कबर मिळेना म्हणून तो खट्टू झाला होता. मी म्हटलं, बाबा, तुमच्याकडे कायमची कबर किती जणांना परवडायची? मुंबईत काय, गोव्यात काय, जागा कमी, त्यामुळे काही वर्षांनी कबर उघडतात, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात किंवा सामायिक खड्ड्यात ठेवतात आणि तीच जागा पुढच्याला देतात. म्हणजे आज ज्या क्रूसावर १९९५ लिहिलंय त्याच जागी आधी पाच जण निजून गेलेले असतात. कायमचा दगड मिळायचा बड्यांना. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये जा, अख्खी जमीन कोरीव समाध्यांनी फरसबंद आहे, कुळांच्या मुद्रांसकट. ते वाचून कोणी म्हणालं की गोव्यात तेव्हा फक्त सरदार राहत होते, तर कसं वाटेल? त्याने चर्चची दफनाची नोंदवही बघायला हवी. तिथे दगड नसलेले सगळे सापडतात.

मुसलमानांत तर कबर साधी, मातीची ठेवावी असंच पुष्कळ लोक मानतात. सौदी अरेबियाचे राजे अब्दुल्ला २०१५ साली वारले, जगातल्या श्रीमंतांपैकी एक. रियाधला नाव नसलेल्या साध्या कबरीत त्यांना पुरलं. तिथे दगड नसणं हाच धर्म. आपल्या लिंगायतांत बसवून पुरतात, वर समाधी बांधतील किंवा नाही बांधणार.

सांगायचा मुद्दा असा, की दगड आहे की नाही, कुठे आहे, त्यावर काय आहे, हे प्रत्येक ठिकाणी आधी धर्म ठरवतो, मग ऐपत ठरवते, आणि नातं असलंच तर सगळ्यात शेवटी. वंशावळवाला उलट्या टोकाने सुरू करतो.

*

आता ग्रुपवरच्या तीन आक्षेपांना उत्तरं देतो. आक्षेप प्रामाणिक आहेत.

पहिला: “आपण प्रेतं थोडीच हलवतोय? धर्मात प्रेत हलवायला बंदी आहे, दगड हलवायला नाही.” बरोबर. पण जरा दगड वाचा ना. इब्री दगडांच्या माथ्यावर बहुधा दोन अक्षरं असतात, पे आणि नून. त्यांचा अर्थ ‘येथे पुरले आहे’. नावाच्या आधी, बापाच्या नावाच्या आधी, तारखेच्या आधी, दगडावरचा पहिला शब्द ‘येथे’ आहे. तो दगड कुंपणाला टेकवला की त्याचा पहिलाच शब्द खोटा झाला. आणि ओट्यावरच्या ग्रॅनाइटवर तुम्ही ‘येथे’ कोरणार असाल तर तेही खोटं, कारण तिथे कोणीच नाही. ज्या समाजाने दगडावर काय लिहायचं याचा इतका काटेकोर विचार केला, त्याच्या नातवंडांनी तो पहिल्या शब्दातच मोडायचा?

दुसरा: “दगड झिजताहेत. खारं वारं आहे. वीस वर्षांनी काहीच राहणार नाही.” हे खरं आहे आणि मलाही त्याची झोप उडवणारी काळजी आहे. संगमरवरातली शिशाची अक्षरं गळून नुसती भोकं उरली आहेत. पण झिजणाऱ्या दगडाला औषध म्हणजे दगड उपटणं नव्हे. आजारी माणसाचा फोटो काढून भिंतीला लावला म्हणजे औषधपाणी झालं का?

तिसरा आक्षेप अश्दोदच्या दादाचा, आणि तो मला सगळ्यात जास्त लागला. तो म्हणाला, “तुम्ही तिथे राहता म्हणून तुम्हाला काही वाटत नाही. माझ्या मुलांना मराठी वाचता येत नाही. त्यांना एक पाटी हवी, जिच्याकडे बोट दाखवून ती म्हणतील, आम्ही इथले.”

दादा, याचं उत्तर मी तुलाच विचारून देतो. १९६२ साली तिकडच्या मुख्य रब्बिनेटने सूचना काढल्या, की बेने इस्राएलाशी लग्न लावायचं तर त्याची आई, आईची आई, असं जमेल तितकं मागे जाऊन चौकशी करा. तुझे वडील तेव्हा तिथे होते. जेरुसलेमला लोक धरणं धरून बसले, १९६४ साली क्नेसेटला सांगावं लागलं की हे लोक पूर्ण ज्यू आहेत, तेव्हा कुठे आमचं नाव त्या सूचनांतून निघालं. पिढ्यांचा दाखला आणा म्हटल्यावर कोकणातल्या माणसाने काय दाखवायचं? गवतातले हेच दगड. त्या वेळी आपण संतापलो होतो, की मेलेल्या आजीकडून दाखला मागता? आज कोणी मागत नाही, तर आपण आपणहून तिला रांगेत उभी करून, शेजारी नवरा देऊन, दाखला तयार करतोय. आणि तोही चुकीचा.

तुझ्या मुलांना ‘आम्ही इथले’ म्हणायचं आहे ना? मग ‘इथे’ तसंच राहू दे.

*

नुसता विरोध करणारा माणूस कोणालाच आवडत नाही, म्हणून माझी उलट योजना. खर्च ग्रॅनाइटच्या दहावा हिस्सासुद्धा येणार नाही.

एक, नकाशा. ओळ क्रमांक, दगड क्रमांक, बिनानावाचे धरून. ईशान्येचा कोपरासुद्धा. मी अर्धा केला आहे.

दोन, सफाई. साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. अ‍ॅसिड नाही, तारेचा ब्रश नाही, अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा रंग भरणं नाही. (गेल्या खेपेला कोणीतरी ऑइलपेंटने अक्षरं गिरवली आहेत आणि दोन ठिकाणी झायिनचा वाव करून ठेवला आहे. कोण ते मला माहीत आहे. नाव घेत नाही.)

तीन, फोटो. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना, प्रत्येक दगडाचा एक जवळून आणि एक लांबून, शेजारचे दोन्ही दगड दिसतील असा. जवळच्या फोटोत नाव मिळतं, लांबच्या फोटोत गोष्ट मिळते.

चार, वाचन. मराठी वाचणारा एक, इब्री वाचणारा एक, दोघांनी एकत्र बसून. जे वाचता येत नाही तिथे टिंबं द्यायची, अंदाज भरायचा नाही. इब्री दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे इंग्रजी तारखेत एक दिवसाचा फरक आला तर घाबरायचं नाही. मराठी दगडावर शके असेल तर ७८ मिळवायचे. आणि नातं लिहायचं ते दगडावर लिहिलं असेल किंवा कोणी माहीतगाराने सांगितलं असेल तरच. शेजारी आहे म्हणून कधीही नाही.

पाच, पाटी. हो, पाटी लावू. दादाच्या मुलांसाठी, मराठी, इब्री, इंग्रजी तिन्हीत. पण फाटकाबाहेर, कोणाच्याही डोक्यावर पाय न देता. त्यावर नकाशा, नावं आणि खाली एक ओळ, की इथे नावं न लिहिलेलीही माणसं आहेत.

उरलेल्या पैशांतून कुंपण दुरुस्त करू आणि वर्षातून दोनदा गवत काढायला गावातल्याच कोणाला तरी नेमू. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला, पण गवत सरकार काढायला येणार नाही, ते आपल्यालाच काढावं लागणार.

आणि हो, ती बाई. तिचा दगड तिसऱ्या ओळीत पाचवा. मी तिला माझ्या वंशवृक्षातून काढलं आहे. बाकीच्या चार वृक्षांच्या मालकांना पत्रं टाकली, दोघांनी दुरुस्ती केली, एकाने उत्तर दिलं नाही, आणि एकाने लिहिलं की ‘गोष्ट छान आहे, राहू द्या.’ तिचं आणि तिच्या नवऱ्याचं नाव मी इथे देत नाही, तिच्या माणसांना विचारल्याशिवाय द्यायचा मला अधिकार नाही. पण ज्यांची पणजी-खापरपणजी १८९७ च्या प्लेगात मांडवीतून गावाकडे निघाली आणि पुढे काय झालं ते कळलं नाही, अशा कोणाच्या हे वाचनात आलं तर मला जरूर कळवा. दगड आहे तिथेच आहे. निदान या डिसेंबरपर्यंत तरी आहे.

ग्रुपवरच्या मंडळींनो, आता अंगठे नकोत. कोण पाणी आणि ब्रश घेऊन येणार तेवढं सांगा. मी शुक्रवारी सकाळी सव्वाआठच्या लाँचने जातोय, शब्बाथच्या आत परत यायचं आहे. आत्याही येते म्हणतेय. ती कोपऱ्यातला तो तुकडा दाखवणार आहे, कारण तिच्याखेरीज तो आता कोणालाच ओळखता येत नाही.